बैसाणे आबा आणि उडालेली हळद

बंद पडलेल्या यंत्रासमोर बैसाणे आबा पहिली काही मिनिटं हात पाठीमागे बांधून नुसते उभे राहत. मागे फिटर खोळंबलेले असत, शेठजी केबिनच्या दारातून दोनदा डोकावून गेलेले असत, माझ्यासारखा नवा इंजिनियर पाना हातात घेऊन तळमळत असे. आबांना त्याचं काही नसे. ते मोटर बघत, मोटरखालची जमीन बघत, वरून आलेली वायर छपरापर्यंत डोळ्यांनी चढून जात आणि उतरून येत. कोणी घाई केलीच तर मान न वळवता म्हणत, "आधी देखा, मंग हात लावा."

माझी नि त्यांची पहिली भेट अशाच एका बंद मोटरीपुढे झाली. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. धुळ्याच्या बाहेर, सुरत रस्त्याच्या अंगाला, प्लास्टिकचे पाइप तयार करणारा एक छोटा कारखाना होता. त्यात मी नुकताच लागलो होतो. पदवीची शाई वाळली नव्हती. पहिल्याच दिवशी पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होईना, तेव्हा मी बाह्या सरसावून ती पार उघडून ठेवली. आबा आले, उभे राहिले, आणि बऱ्याच वेळानं भिंतीवरच्या मेन स्विचकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, याले कोनी चालू करं नही." झाडणाऱ्या बाईंचा खराटा लागून स्विच बंद झाला होता. आबा हसले नाहीत. मी उघडलेली मोटर त्यांनी माझ्याबरोबर बसून पुन्हा जोडली, आणि ही गोष्ट कारखान्यात कधीही कोणाला सांगितली नाही. मला आठवतं, त्या दिवसापासून मी त्यांना बैसाणे म्हणायचं सोडून आबा म्हणायला लागलो. त्यांनीही काही दिवसांनी मला 'साहेब'चा 'भाऊ' केला.

आबा अंगानं किडकिडीत, रंगानं काळेसावळे. खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर आणि सुतारी पेन्सिलीचं थोटूक. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथं सुतळी. शाळा सातवीपर्यंत, पुढची विद्या धुळ्याच्या वीजघरात खांबांवर चढून घेतलेली. पॅनेलवरची इंग्रजी अक्षरं त्यांनी एकेक करून ओळखीची केली होती. त्यांचा उच्चार कधी कधी असा काही असे की मला हसू आवरत नसे, पण कोणतं बटण काय करतं यात ते कधी चुकले नाहीत. दुपारी लिंबाखाली ते डबा उघडत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, हंगामात वांग्याचं भरीत. मला हाक मारत. माझ्या जळगावच्या घरी आईनं सुरुवातीला या डब्याबद्दल एकदा नाक मुरडलं होतं, नंतर तिनं विषय काढला नाही आणि मीही भरीत सोडलं नाही.

त्यांची बोलण्याची तऱ्हा त्यांचीच होती. फ्यूज उडाला की सगळे चरफडत. आबा जळकी तार हातात घेऊन म्हणत, "फ्यूज मरी गया म्हंजे कोनीतरी वाची गया." कोणी यंत्राला शिव्या घातल्या तर त्याला बाजूला घेऊन समजावत, "मशीन खोटं बोलत नही भाऊ. आपलेच नीट इचारता येत नही." मला त्या वयात हे जरा बाळबोध वाटे. पुस्तकं मी वाचली होती.

त्या वर्षी शेठजींनी मोठ्या हौसेनं पुण्याच्या एका कंपनीकडून पाइपच्या यंत्रासाठी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणवला. शेठजी मूळचे राजस्थानचे. तीन पिढ्या धुळ्यात गेल्या होत्या आणि नवीन वस्तू गावात आपल्याकडे आधी आली पाहिजे अशी त्यांना भारी आवड. लोखंडी कपाटाएवढं पॅनेल, त्यात एक हिरवं कार्ड, आणि कार्डावर नखाएवढी काच असलेली एक चिप. यंत्राच्या कोणत्या भागाला किती उष्णता द्यायची, पाइप किती लांबीला कापायचा, हे सगळं त्या चिपमध्ये भरलेलं होतं. वीज गेली तरी ते पुसलं जात नसे. काचेवर मात्र एक काळा कागद चिकटवलेला होता. कंपनीचा माणूस पॅनेल बसवून निघताना मला म्हणाला होता, "हा कागद काढू नका." का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इंजिनियरनं विचारायचं म्हणजे माहीत नाही असं कबूल करण्यासारखं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी हातोडीपासून मोटरीपर्यंत सगळं धुऊन पुसून मांडत, झेंडूच्या माळा घालत, हळदकुंकू लावत. आबा त्या पूजेला कधीच नसत. ते बौद्ध. दसऱ्याला दरवर्षी नागपूरला जात. दोन दिवस आधी पांढरे कपडे पिशवीत भरून ते धुळ्याहून चाळीसगावला आणि तिथून नागपूरच्या गाडीनं निघत. जाण्यापूर्वी आपली सगळी हत्यारं घासूनपुसून पेटीत लावून ठेवत. मी चेष्टेनं म्हटलं, "आबा, पूजा नाही तर एवढं चकचकीत कशाला?" तर म्हणाले, "मी त्यासले रोजच पुसस. एकच दिन काय?"

त्या खंडेनवमीला शेठजींचं सगळं घर पूजेला आलं होतं. त्यांच्या आईंना नवं पॅनेल बघायचं होतं. मी दार उघडलं, कार्ड दाखवलं, आणि मला काय बुद्धी झाली कोण जाणे, म्हणालो, "आणि ही याची अक्कल!" चिपवर काळा कागद, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. मी नखानं तो कागद खरवडून काढला. काचेच्या आत इवलासा चौकोन आणि त्याला जोडलेल्या केसाहून बारीक सोनेरी तारा चमकल्या. आजी कौतुकानं "अरे वा, सोनं!" म्हणाल्या. मी फुशारून गेलो. कार्डाला ओला हात लागू नये म्हणून मी त्यांना कार्डाखालच्या पत्र्यावर हळदीची बोटं ओढायला सांगितली. त्यांनी पाच बोटं ओढली. कागदाचा डिंक गेला होता, तो पुन्हा चिकटेना. मी त्याची गोळी करून टाकून दिली.

दसऱ्यानंतर उकाडा वाढला. इलेक्ट्रॉनिक वस्तूला हवा पाहिजे, एवढं मला पुस्तकातून पक्कं ठाऊक होतं, म्हणून पॅनेलचं दार मी उघडंच ठेवलं. आठ-दहा दिवसांनी दुपारचे पाइप चुकीच्या लांबीचे पडू लागले. सकाळी सगळं ठीक, दुपारी दहातला एक पाइप वीतभर आखूड. मी म्हटलं, उष्णता. टेबलफॅन लावला. पॅनेलशेजारी पश्चिमेची खिडकी होती, तिला काच नव्हती, नुसते गज आणि लाकडी झडप. अर्धवट उघडी असलेली ती झडप मी पूर्ण उघडली. मग व्होल्टेजवर संशय घेतला, नवा स्टॅबिलायझर बसवला. दुखणं वाढतच गेलं. आता लिहिताना मला माझाच राग येतो. जे जे औषध म्हणून मी करत होतो तेच विष होतं, आणि मी ते दररोज न चुकता देत होतो.

एका दुपारी यंत्राचा तिसरा हीटर थांबेचना. आतलं प्लास्टिक करपलं, शेडमध्ये डोळे झोंबवणारा धूर भरला, सगळे खोकत बाहेर धावले. आबा तेवढे आत गेले, तोंडाला उपरणं बांधून त्यांनी मेन बंद केला आणि डोळे चोळत बाहेर आले. प्लास्टिक पुढे ढकलणारा आतला मोठा स्क्रू जळक्या प्लास्टिकमध्ये घट्ट बसला होता. कारखाना ठप्प.

मी पुण्याला ट्रंक कॉल लावला. तिकडचा माणूस म्हणाला, चिपमधली माहिती गेलेली दिसते. कोणाचा तरी हात लागला असेल, माणसाच्या अंगातल्या विजेनंही या चिपा बिघडतात. शेठजी शेजारीच उभे होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "त्या कार्डाला कोणाचा हात लागतो?"

आबा दर शनिवारी मऊ ब्रशनं पॅनेलमधली धूळ काढत. कार्डाला ते स्पर्शही करत नसत, हे मला माहीत होतं. कार्डाला हात लागला होता तो माझा, नखासकट. मी म्हणालो, "साफसफाई आबा करतात."

एवढंच म्हणालो. खोटं म्हणता येणार नाही असं वाक्य मी निवडलं, आणि ते किती कामाचं आहे हे बोलता बोलताच मला कळलं होतं. शेडमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली. पूजेच्या दिवशी हा माणूस गावाला जातो, मशीनला हळदकुंकू लावत नाही, मग दुसरं काय होणार. ज्यांच्या घरची शेगडी नि पंखा आबांनी फुकट दुरुस्त केला होता, तेही त्यात होते. शेठजींनी आबांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की उद्यापासून पॅनेलजवळ जायचं नाही, मागच्या आवारात पाइप मोजायचे.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेठ, माले तीन दिन द्या. हात लावत नही, नुसता देखस."

शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी तीन दिवस दिले. आबा सकाळी भोंग्याला येत आणि पॅनेलसमोर दोन हात अंतरावर स्टूल टाकून बसत. खडूनं जमिनीवर काहीतरी खुणा करत. पॅनेलमध्ये वीज होती, पण यंत्र बंद होतं, तेव्हा हे नक्की काय बघतात याची सगळ्यांना गंमत वाटे. जाता-येता टोमणे पडत. मी त्या बाजूनं जाणं टाळत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. उन्हाचा एक पट्टा खिडकीतून आत येऊन थेट पॅनेलच्या पोटात पडला होता. आबांनी लांबूनच पेन्सिलीनं कार्डाखालचा पत्रा दाखवला.

"भाऊ, हळदना बोटं किती शेतस?"

मी बघितलं. दोन बोटं पिवळीजर्द होती. बाकीची तीन दिसतच नव्हती. नीट निरखलं तर त्यांच्या जागी फिकट पांढुरका ओरखडा तेवढा होता.

"आजीनी पाच वढी व्हतीत, माले वामन फिटरनी सांगं," आबा म्हणाले. "जठे ऊन पडस तठली हळद उडी गई. सावलीमा शे ती जशीनी तशी. रोज दोनपासून पाचपर्यंत ऊन आठेच ऱ्हास. आनि हाई काच देखा, तीबी त्याच उनमा शे." त्यांनी पेन्सिल काचेकडे वळवली. "काच कशाले ठेवतीन भाऊ? उजेड आत जावाले. मंग आतलं लिखेलबी हळदसारखंच उडी राहिनं व्हई."

हळदीचा डाग उन्हात उडतो हे घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. आमच्या घरीही हळदीचे डाग पडलेले कपडे आई मुद्दाम उन्हात टाकायची. मी ते आयुष्यभर बघत आलो होतो. पण ते आणि ती चिप एका डोक्यात शेजारी शेजारी ठेवायला आबांचं डोकं लागलं. जे हळद लावायला नव्हते, त्यांनीच ती वाचली.

मग त्यांनी विचारलं, "या काचवर पहिले काही चिकटाडेल व्हतं का?"

मी म्हणालो, "लक्षात नाही. विचारतो कंपनीला."

"इचारा," आबा म्हणाले. "आनि शेठले सांगशात ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

पुण्याला पुन्हा फोन लावला, या वेळी केबिनचं दार लावून. तिकडचा माणूस उडालाच. "काचेवरचा कागद काढलात? अहो, आम्ही त्या काचेतून अतिनील प्रकाश सोडूनच जुनं पुसतो. उन्हातही तो असतो. तीन-चार आठवडे रोज ऊन दिलंत तर राहील काय आत? आणि अर्धवट पुसलेली चिप गार असताना बरोबर बोलते, तापली की चुकते." सकाळ-दुपारचं कोडं सुटलं. आठवड्याभरात नवी चिप आली, वर नवा काळा कागद घट्ट चिकटवलेला. स्क्रू सोडवून झाला होता. यंत्र पहिल्या दिवसापासून सुरळीत चालू लागलं.

शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाठीवर थाप मारली, आणि विचारलं, "पण पहिली गेली कशानं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आबांनी शोधून, पुसून, लख्ख करून ते माझ्या हातात दिलं होतं. ऊन एवढा एक शब्द उच्चारला असता तरी पुढचा प्रश्न कागदाचा आला असता, आणि त्यापुढचा माझा. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. घरी बहिणीच्या लग्नाचं चाललं होतं. मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही."

शेठजींनी मान हलवली. जे सांगता येत नाही ते कोणावर जातं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. महिनाअखेरीला आबांना काढलं. हातात एक दाखला दिला: इतकी वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलं, कामात निष्काळजी.

आबा मला भेटायला आले. मी खाली मान घालून काहीतरी लिहीत असल्याचं ढोंग करत होतो. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "भाऊ, त्या काचवरना कागद दर शनवारले देखत जा. डिंक सुकाय जास." आणि गेले. खरं सांगतो, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

मी दर शनिवारी एसटीनं जळगावला घरी जात असे. वाटेत पारोळा लागतं. आबा पारोळ्याचे, किल्ल्याच्या मागच्या वस्तीतले. काम सुटल्यावर ते तिकडेच गेल्याचं मला कळलं होतं. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबायची. लोक चहाला उतरायचे. मी उतरत नसे. खिडकीची जागा मिळाली तरी आतल्या बाजूला बसे आणि वर्तमानपत्र उघडून धरी. हिवाळा गेला, उन्हाळा आला, माझं वर्तमानपत्र तसंच उघडं. स्वतःला सांगायचो, त्यांना कुठंतरी काम लागलं असेल, अशा माणसाला काय कमी.

एका शनिवारी जळक्या मोटरींत नवी तार भरून देणारा पारोळ्याचा एक कारागीर गाडीत माझ्या शेजारी बसला. बोलता बोलता आबांचं नाव निघालं. तो म्हणाला, नरडाण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांना घेणार होते. दाखला बघितला आणि नाही म्हणाले. मग दोन-तीन ठिकाणी तसंच झालं. मग त्या कारागिराकडेच ते मोटरी भरायला यायचे, आता तेही नाही, पोटात गाठ निघालीय. त्या दिवशी मी पारोळ्याला उतरलो.

दोन खोल्यांचं घर, शेणानं स्वच्छ सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. आबा खाटेवर उठून बसले होते. अंगावरचं मांस सगळं गेलेलं, डोळे तेवढे तसेच. त्यांच्या पत्नीनं, सगळे त्यांना अक्का म्हणत, पाणी आणून दिलं आणि दाराशी बसल्या. मी पाणी पिऊन ठेवलं. इतके महिने मनात जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"आबा, तो कागद मी काढला होता."

"माले माहीत शे," आबा म्हणाले.

"केव्हापासून?"

"तिसरा दिनपासून. मी इचारं ना, काचवर काही व्हतं का, तवय तुम्ही खाली देखं."

मला रडू आलं. मी म्हणालो, "मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

आबा म्हणाले, "मी सांगतू ते ती तक्रार व्हई जाती. तुम्ही सांगतात ते खरं व्हई जातं. म्हनीसन मी वाट देखी."

त्यांनी अक्कांना खूण केली. अक्कांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला आणला. आबांनी तो उघडून माझ्यापुढे धरला आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. "काम नको माले आते. व्हनार बी नही. फक्त इतला एक शबुद काढी द्या. मी सारं आयुष्य काळजीच करी, भाऊ. दुसरं काय करं मी?"

मी त्यांचे हात धरून सांगितलं, सोमवारी शेठजींना सगळं सांगतो आणि नवा दाखला घेऊन येतो. आबांचा माझ्यावर विश्वास बसला. मला वाटतं तेच सगळ्यांत वाईट झालं.

सोमवारी शेठजींकडे पाहुणे होते. मंगळवारी त्यांचा मूड बरा नव्हता. बुधवारी मी केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि दुसरंच काहीतरी विचारून परत आलो. शनिवारी एसटी पारोळ्याला थांबली तेव्हा मी पुन्हा आतल्या बाजूला बसलो होतो, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं? दुसरा आठवडा असाच गेला. आणखी काही दिवस गेले. प्रत्येक दिवसाला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं.

शेवटी एका सकाळी मी गेलो. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं: कागद, ऊन, हळद, आबांचे तीन दिवस, माझं "नक्की सांगता येत नाही." नोकरी जाणार हे धरूनच चाललो होतो. शेठजींनी ऐकलं. चष्मा काढून पुसला. माझ्याकडे बघत म्हणाले, "बस, एवढंच? मग आधी का नाही बोललात? नव्या वस्तूत चूक होणारच. तो म्हातारा उगीच गेला ना." त्यांनी टायपिस्टला बोलावून तिथल्या तिथं मजकूर सांगितला आणि सही केली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. ज्याला मी इतके महिने भ्यालो ते एवढंसं होतं. त्या दिवशी मी स्वतःला जितकं ओळखलं तितकं नंतर कधी ओळखलं नाही.

मला दोन दिवसांनी सुट्टी मिळाली. पारोळ्याला उतरून वस्तीकडे वळलो तर आबांच्या दारात मांडव. पांढऱ्या कपड्यातली माणसं उठून चालली होती. गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नुकताच संपला होता. मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि पाकीट पुढे केलं. त्या म्हणाल्या, "माले वाचता येत नही. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. दगडू बैसाणे यांनी आमच्या कारखान्यात अनेक वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून अत्यंत दक्षतेनं व प्रामाणिकपणे काम केलं. यंत्रातील बिघाडास ते जबाबदार नव्हते. तो बिघाड त्यांनीच शोधून काढला. शेवटपर्यंत वाचलं. अक्कांनी सगळं ऐकलं. 'दक्षता' म्हणजे काय ते विचारलं. मी म्हणालो, काळजी. त्यांनी मान हलवली.

"हाऊ कागद कवय लिखा?" त्यांनी विचारलं.

"परवा."

अक्का मांडवाकडे बघत मनाशी मोजत होत्या.

"परवा त्यासना सातवा दिन व्हता," त्या म्हणाल्या, आणि कागद माझ्या हातात परत दिला.